लंडनमधील गुप्तविद्या-साधकांच्या बैठका

आधुनिक पाश्चात्त्य गुप्तविद्येचा इतिहास बहुतेकदा ग्रंथांचा आणि गुरूंचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या विद्येची घडण मात्र माणसे एकत्र बसल्याने झाली. ती भाड्याच्या दालनांत बसली, पुस्तकांच्या दुकानांत भेटली, वह्यांची देवघेव करत राहिली आणि पुढे पबच्या माडीवर जमू लागली. लंडन हे या हालचालींचे मुख्य केंद्र होते. तिथल्या साधकांपुढे एक पेच कायम राहिला. गुप्ततेची शपथ पाळायची, तर अनुभव पडताळायला माणसे मिळत नाहीत. माणसे जमवायची, तर शपथ सैल होते. या पेचातूनच प्रत्येक पिढीने भेटण्याची आपापली रीत काढली.

या बैठकांची एक मुळी मुंबईतून जाते. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल हेन्री ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगावात राहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले. स्वामी दयानंद सरस्वतींचे आत्मवृत्त त्यात क्रमशः आले. योग, मंत्र, ज्योतिष, मृतात्म्यांशी संवाद अशा विषयांवर भारतीय आणि युरोपीय लेखक एकाच नियतकालिकात लिहू लागले, ही त्या काळी नवी गोष्ट होती. डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलले.

ब्लाव्हाट्स्की १८८७ साली लंडनला स्थायिक झाल्या आणि त्यांच्या नावाने तिथे एक शाखा निघाली. तिच्या साप्ताहिक बैठकांत सभासद प्रश्न विचारत आणि बाई उत्तरे देत. १८८९ मधल्या काही बैठकांची टिपणे लघुलिपीत घेतली गेली आणि त्यांवरून पुस्तकही छापले गेले. तरुण कवी विल्यम बटलर येट्स या शाखेत येत असे. पण सोसायटीत तत्त्वचर्चा भरपूर असली, तरी प्रत्यक्ष विधींना फारसा वाव नव्हता. ज्यांना करून पाहायचे होते, ते दुसरीकडे वळू लागले. ॲना किंग्जफर्ड यांनी १८८४ साली काढलेल्या हर्मेटिक सोसायटीत विल्यम विन वेस्टकॉट आणि सॅम्युएल लिडेल मॅथर्स यांची व्याख्याने झाली होती. वेस्टकॉट हे लंडनमधले कोरोनर होते. मॅथर्स ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जुन्या हस्तलिखितांवर काम करत.

या दोघांनी विल्यम रॉबर्ट वुडमन या डॉक्टरांना सोबत घेऊन १८८८ साली ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ स्थापन केली. तिघेही फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद होते. पायऱ्यापायऱ्यांची दीक्षा, शपथा, पदाधिकारी ही रचना त्यांनी तिथूनच उचलली. पण मेसन मंडळींनी स्त्रियांना दार बंद ठेवले होते, ते गोल्डन डॉनने पहिल्या दिवसापासून उघडे ठेवले. या निर्णयाचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. नटी फ्लॉरेन्स फार, पुढे डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहाला पैसा पुरवणाऱ्या ॲनी हॉर्निमन, तत्त्वज्ञ हेन्री बर्गसन यांची बहीण मोइना मॅथर्स, आयरिश चळवळीतल्या मॉड गॉन यांनी या मंडळात प्रवेश घेतला. फार यांच्याकडे पुढे लंडनच्या शाखेची सूत्रेही आली. ब्रॅडफर्ड, एडिंबरा, वेस्टन-सुपर-मेअर आणि पॅरिस येथेही शाखा निघाल्या.

मंडळात प्रत्येकाचे वेगळे नाव असे, बहुधा लॅटिन बोधवाक्याच्या रूपातले. एकमेकांना बंधू-भगिनी म्हणण्याची रीत होती. नव्या सभासदाला हिब्रू मुळाक्षरे, ग्रह-राशींची चिन्हे, टॅरोची पाने असा अभ्यास नेमून दिला जाई आणि परीक्षा दिल्याशिवाय वरची पायरी मिळत नसे. विधींच्या संहिता छापायच्या नाहीत, हाताने उतरवून घ्यायच्या, असा दंडक होता. त्यामुळे नक्कल करणे हेच अर्धे शिक्षण ठरले.

१८९२ पासून मंडळात ज्येष्ठांचे अंतर्वर्तुळ नीट आखले गेले. या वर्तुळात ‘फ्लाइंग रोल्स’ नावाची टिपणे फिरत. कल्पनाशक्ती कशी वापरावी, दिव्यदृष्टीत दिसलेल्या गोष्टी कशा पारखाव्यात, चिन्हांचे अर्थ कसे लावावेत असे त्यांचे विषय असत. वेस्टकॉट आणि मॅथर्स यांच्याबरोबर इतर सभासदही ती लिहीत. एकाने वाचायचे, उतरवायचे आणि पुढच्याकडे द्यायचे. अशी तीसहून अधिक टिपणे तयार झाली. गोल्डन डॉनचे खरे वैभव त्याच्या भरजरी विधींपेक्षा या टिपणांत आहे. आपल्याला काय दिसले, ते दुसऱ्याला दिसले का, आणि भास कुठला, प्रतीती कुठली, याची विचारपूस त्यांत आहे.

या प्रयोगांतला एक प्रकार भारतीय वाचकाला लगेच ओळखू येईल. पिवळा चौकोन म्हणजे पृथ्वी, रुपेरी चंद्रकोर म्हणजे आप, लाल त्रिकोण म्हणजे तेज, निळे वर्तुळ म्हणजे वायू आणि काळसर अंडाकृती म्हणजे आकाश, अशी पंचतत्त्वांची पत्ती सभासद स्वतः रंगवत. त्यांपैकी एकाकडे टक लावून मग डोळे मिटायचे आणि समोर उभ्या राहणाऱ्या दृश्यात मनाने शिरायचे. पाहिलेले लिहून काढून इतरांच्या नोंदींशी ताडून पाहायचे. तत्त्वांची ही माहिती मेरठचे राम प्रसाद यांच्या लेखनातून थिऑसॉफीच्या वाटेने लंडनला पोचली होती. श्वास आणि तत्त्वे यांच्या मूळ शास्त्राशी या प्रयोगाचा संबंध पातळच होता. मुंबईत सुरू झालेली वैचारिक देवघेव लंडनच्या दिवाणखान्यात कोणते रूप घेऊ शकते, ते मात्र यातून दिसते.

मंडळ फुटले तेही आपसातल्या संबंधांवरून. पॅरिसला राहणाऱ्या मॅथर्स यांनी १९०० च्या सुरुवातीला फार यांना पत्र लिहून कळवले की, ज्या जर्मन साध्वीच्या पत्रांवर संस्थेचा अधिकार उभा होता, तो पत्रव्यवहार वेस्टकॉट यांनी बनावट रचला होता. सभासदांनी चौकशी समिती नेमली. मॅथर्स यांच्या बाजूने ॲलिस्टर क्रोली हा तरुण सभासद एप्रिलमध्ये हॅमरस्मिथच्या ब्लाइथ रोडवरील मंडळाची जागा ताब्यात घ्यायला गेला. प्रकरण पोलिसांपर्यंत पोचले आणि त्याला हात हलवत परतावे लागले. पाठोपाठ दुसरा वाद उभा राहिला. फार यांनी अंतर्वर्तुळातच एक छोटा गट केला होता. त्यातले सभासद ठरल्या वेळी आपापल्या घरी बसून एकच ध्यान करत. येट्सने १९०१ साली पत्रक काढून अशा गटांना विरोध केला. मंडळ हे एक जिवंत शरीर आहे, त्याच्या आत गुप्त गट झाले की परस्परविश्वास मरतो, असे त्याचे म्हणणे होते. मंडळाने त्याचे ऐकले नाही. पण पुढच्या शंभर वर्षांत अशा संस्था ज्या कारणांनी फुटल्या, त्यांतले मोठे कारण त्याने तेव्हाच नेमके सांगितले होते. १९०३ पर्यंत मूळ मंडळाची शकले झाली.

क्रोलीने उलटी वाट धरली. त्याने नंतर काढलेल्या मंडळात साधकाची ओळख फक्त वरच्या मार्गदर्शकाशी आणि स्वतः घेतलेल्या शिष्यांशी. सभासदांनी एकत्र जमायचे नाही, असा नियम होता. त्याच वेळी १९०९ पासून ‘द इक्विनॉक्स’ या जाडजूड षण्मासिकात त्याने गोल्डन डॉनचे विधी छापायला घेतले. मॅथर्स १९१० मध्ये न्यायालयात गेले, पण छपाई थांबली नाही. भेटी बंद आणि छापखाना खुला, अशी ही व्यवस्था होती. तिने क्रोलीला वाचक दिले, टिकाऊ मंडळ दिले नाही.

संस्था मोडल्या तरी माणसे भेटत राहिली, याचे श्रेय पुस्तकविक्रेत्यांना द्यायला हवे. ब्लाव्हाट्स्कींच्या परिचयातले जॉन वॉटकिन्स यांनी १८९३ साली व्यवसाय सुरू केला आणि १९०१ पासून त्यांचे दुकान सेसिल कोर्ट या गल्लीत आहे. ब्रिटिश म्युझियमच्या परिसरात १९२२ साली मायकेल हॉटन यांनी अटलांटिस बुकशॉप काढले. या दुकानांत कोणाला शपथ घ्यावी लागत नसे. परस्परांशी न बोलणाऱ्या गटांतले लोक एकाच फडताळासमोर उभे राहत आणि कोण कुठे शिकवतो, कोणाकडे कोणते हस्तलिखित आहे, याची बातमी गल्ल्यावर मिळे. गोल्डन डॉनच्या एका शाखेत शिकलेल्या इस्रायल रेगार्डी यांनी १९३७ ते १९४० या काळात त्या परंपरेचे विधी शिकागोहून चार खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा हाताने नकला उतरवण्याचा जमाना संपला. शपथ मोडल्याचा ठपका त्यांच्यावर आला. पण ते खंड निघाले नसते, तर त्या साहित्यातला बराच भाग नाहीसा झाला असता.

डायन फॉर्च्यून या लेखिकेने पत्रव्यवहाराचा मार्ग वापरला. तिच्या संस्थेत टपालाने शिक्षण चाले. ऑक्टोबर १९३९ मध्ये, युद्धामुळे बैठका अशक्य झाल्यावर, तिने सभासदांना दर आठवड्याला पत्र पाठवायला सुरुवात केली. रविवारी ठरल्या वेळी प्रत्येकाने आपल्या जागी बसून पत्रात दिलेल्या विषयावर ध्यान करायचे आणि अनुभव कळवायचे. बॉम्बवर्षावाच्या काळातही हा क्रम चालू राहिला.

इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि उघडपणे बोलण्याची वाट मोकळी झाली. मलायात कस्टम अधिकारी म्हणून नोकरी केलेले जेरल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ लिहून विक्का या पंथाची ओळख करून दिली. त्याआधीची त्यांची कादंबरी १९४९ साली अटलांटिसच्या हॉटन यांनीच प्रकाशित केली होती. लहान वर्तुळात दीक्षा घेऊन जमणारे हे लोक साठच्या दशकात पत्रिका काढू लागले. १९६४ मधल्या ‘पेंटाग्रॅम’ने वेगवेगळ्या शाखांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, तो भांडणांत लवकरच बुडाला. ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणाऱ्या ‘पेगन’ लोकांसाठी १९७१ साली निघालेल्या पेगन फ्रंटचे पुढे पेगन फेडरेशन झाले आणि त्याची पत्रिका मात्र टिकली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लीड्समध्ये पीटर कॅरोल आणि रे शेरविन यांच्याभोवती ‘केऑस मॅजिक’ नावाचा प्रवाह सुरू झाला. परंपरेचा अधिकार बाजूला ठेवून प्रत्येकाने स्वतः प्रयोग करावेत, असे तो सांगे. छोटी मासिके आणि पुस्तिका यांवरच तो वाढला.

केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी ऐंशीच्या दशकात लंडनच्या अशा गटांत स्वतः सामील होऊन अभ्यास केला. १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसे जादूवर विश्वास कशी ठेवू लागतात, याचे उत्तर आहे. कोणी एका युक्तिवादाने पटून येत नाही. वाचन, सराव आणि गटातले बोलणे यांतून घटनांचा अर्थ लावण्याची सवय हळूहळू बदलते, आणि विश्वास तिच्यामागून येतो. गुप्तविद्येच्या अभ्यासकाने वाचलेच पाहिजे, असे हे पुस्तक आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बहुतेक शहरांत ‘मूट’ भरू लागले. पबमधली एखादी खोली धरायची, महिन्याला ठरलेला वार, एखादे व्याख्यान आणि मग बिअरचा पेला हातात घेऊन चर्चा. दीक्षा लागत नाही. विक्कावाला, ड्रुइड, क्रोलीचा अनुयायी आणि नुसता जिज्ञासू एका मेजाशी बसतो. अनेक गट आजही आपले विधी शपथेच्या आड ठेवतात. मूटमध्ये येणारा त्यांच्याबद्दल खोदून विचारत नाही. येट्सला हव्या असलेल्या एकसंध मंडळाच्या जागी अशी सैल जाळी आली, आणि ती अधिक टिकली.

हा विस्तार आकड्यांतही दिसतो. इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३१ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला होता. २०२१ मध्ये ही संख्या सुमारे ७४ हजार झाली आणि आणखी सुमारे १३ हजार जणांनी विक्का अशी वेगळी नोंद केली.