खंजिरीचं वेड

आपल्याकडे 'वेड लागलं' हे दोन्ही अर्थांनी म्हणतात. पोरगा घर सोडून रानात फिरायला लागला तरी वेड, आणि गाण्यावाचून त्याला काही सुचेना झालं तरी वेडच. माणिक बंडोजी इंगळेला दोन्ही होती. म्हणजे आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. शाळा तिसरीतच सुटली. पोरवयातच माणिक चिमूरकडच्या रामदिघीच्या जंगलात गेला. गोंदेड्याची गुहा आजही त्याची तपोभूमी म्हणून दाखवतात. असं पोरगं आज तुमच्या घरात असतं तर? कोणी मांत्रिक गाठला असता, कोणी डॉक्टर. माणिकला भजन सापडलं, आणि हातात खंजिरी आली.

खंजिरी म्हणजे एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायचं छोटंसं वाद्य, कडेला झांजा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. थोड्याच वेळात अख्खी गर्दी एका लयीत येते. आमच्या भाषेत, सगळे सिंक होतात.

ही लय इंग्रजांना झेपली नाही. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. चिमूरमध्ये मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. चिडलेल्या जमावाने अधिकारी मारले. मग लष्कर आलं आणि बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं, हे आपल्या पुस्तकांत फारसं भेटत नाही. लोक महाराजांच्या भजनांनी पेटले असं धरून 28 ऑगस्टला चांद्यात त्यांना अटक झाली. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. गडचिरोलीही 1982 पर्यंत याच जिल्ह्यात होती. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते 2 डिसेंबरला सुटले.

भजनाने गर्दी पेटते हे खोटं नव्हतंच. पण मला जास्त भारी वाटते ती त्यांची सामुदायिक प्रार्थना. मूर्ती नाही, जातीप्रमाणे रांगा नाहीत, रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं. 'ग्रामगीते'त त्यांनी अंधश्रद्धेवर सरळ टीका केलीय. आपल्या भागात कोणाचं मन बिघडलं की करणीचा संशय येतो, आणि शेजारची एखादी म्हातारी मार खाते. काहींचा तर जीव गेलाय. भजनाने स्किझोफ्रेनिया जात नाही, त्याला डॉक्टर आणि गोळ्या लागतातच. पण रोज एका सतरंजीवर बसणाऱ्या गावात, एक माणूस तीन दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याचं दार वाजवतं. गोळी सुरू होण्याआधी हे दार वाजावं लागतं.

महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत मोठी गर्दी जमते. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळे गप्प उभे राहतात. तेवढा वेळ खंजिरीही बंद असते.