बदला का हटत नव्हता

मुंबईच्या शेअर बाजारावर सरकारने कायदे कमी केले नाहीत, पण ते बहुतेक भावावर आणि माणसांवर रोखलेले होते. खरा धोका सौदा आणि त्याची रक्कम यांमधल्या मुदतीत होता. १८६५ मध्ये तो उघड दिसला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत आला, आणि सौदे वायद्याचे झाले: भाव आज ठरवायचा, पैसे १ जुलैला. युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्या दिवशी असंख्य देणेकरी हात वर करून उभे राहिले. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला.

पुढे १९२५ चा मुंबईचा कायदा आला, १९५६ चा केंद्राचा आला. नव्या शेअरची किंमत दिल्लीतला नियंत्रक ठरवू लागला. जून १९६९ मध्ये सरकारने वायद्याचे सौदेच बंद केले. तरी सौदा पुढे ढकलण्याचा हा रिवाज, म्हणजे बदला, टिकला, कारण त्याची गरज टिकली होती. खरेदीदाराकडे पैसे नसले, तर सौदापूर्तीच्या दिवशी सावकार ते भरी, शेअर स्वतःकडे ठेवी आणि व्याज घेऊन सौदा पुढच्या मुदतीत ढकली. भाव चढता असेतो सगळे खूश असत. डिसेंबर १९९३ मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने बदला बंद केला, तोही काही वर्षांतच सुधारित रूपात परतला. १९९२ च्या रोखे घोटाळ्याचे मूळही सौदा आणि पूर्ती यांमधल्या अशाच मुदतीत होते: बँका रोख्यांऐवजी ते नंतर देण्याची पावती देत, आणि त्या पावत्यांवर उभा राहिलेला पैसा शेअर बाजारात गेला.

बदल्यामुळे बाजारात उलाढाल राहते, असे त्याचे समर्थक म्हणत. ते खरे होते. पण उधारीची जोखीम दलालांच्याच हाती असलेल्या बाजाराच्या व्यवस्थापनाने मोजायची, हे धोक्याचे होते. बदला शेवटी संगणकाने हटवला, कायद्याने नव्हे, असाही आक्षेप येतो. संगणक हवाच होता, पण कागदी शेअर १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यावाचून हटले नसते. जुलै २००१ मध्ये बदला पुन्हा बंद झाला, तेव्हा सोबत प्रमुख शेअरमध्ये प्रत्येक दिवसाचे सौदे ठरावीक दिवसांत वेगळे मिटवण्याचे चक्रही सुरू झाले होते. म्हणून ती बंदी टिकली. सट्टा आजही आहे, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये भरपूर आहे, पण तिथे तोटा रोज वसूल होतो. आणि जानेवारी २०२३ पासून शेअरच्या रोखीच्या सौद्याची पूर्तता दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी होते.