शातिलोंच्या वाटेवरची शिदोरी

मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाताचे टोप आणि कालवणाची भांडी घेऊन येतात, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातील एका वृद्धेचे पती निवर्तले. महिन्याभराने मी तिच्या घरी गेलो, तेव्हा दुपार टळून गेली होती आणि ती काळा चहा घेत एकटीच बसली होती. ‘जेवलात का?’ असे विचारताच ती म्हणाली, ‘फादर, तेव्हा एवढं अन्न आलं की भात टाकून द्यावा लागला. आता एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही.’

परतीच्या वाटेवर मला फ्रान्समधील शातिलों या गावाची आठवण झाली. लिओं शहराच्या उत्तरेस असलेल्या या लहानशा गावी १६१७ साली एक छत्तीस वर्षांचे धर्मगुरू प्रमुख म्हणून रुजू झाले होते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या या धर्मगुरूंना आज आपण संत व्हिन्सेंट द पॉल म्हणून ओळखतो. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी ते मिस्साची वस्त्रे परिधान करीत असता एका बाईने निरोप आणला: गावाबाहेरील एका घरात सर्वच जण आजारी पडले असून त्यांना पाणी द्यायलाही कोणी नाही. व्हिन्सेंट यांनी प्रवचनात त्या कुटुंबाची व्यथा सांगितली. त्यांच्या शब्दांनी लोकांची अंतःकरणे हेलावली.

दुपारची प्रार्थना आटोपून ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो सारी वाट बायकांनी फुललेली! कोणी शिदोरी घेऊन निघाल्या होत्या, कोणी देऊन परतत होत्या, तर उन्हाच्या तापाने थकलेल्या काही जणी वाटेच्या कडेला विसावल्या होत्या. पुढे अनेक वर्षांनी व्हिन्सेंट यांनी ही हकीकत आपल्या धर्मभगिनींना स्वमुखाने सांगितली. ते दृश्य पाहून त्यांना आनंद झाला, तशी चिंताही वाटली. आज या घरी खाऊन संपणार नाही एवढे अन्न आले आहे. त्यातील काही नासून जाईल, आणि चार दिवसांनी हे कुटुंब पुन्हा उपाशी! गावाची दया अपार होती; तिची घडी मात्र बसलेली नव्हती.

२३ ऑगस्ट रोजी त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र बोलाविले. प्रत्येकीने आपल्या पाळीच्या दिवशी गावातील गरीब आजाऱ्यांची सेवा करावी असे ठरले. ८ डिसेंबर १६१७ रोजी या मंडळाची रीतसर स्थापना झाली. व्हिन्सेंट यांनी त्यासाठी लिहिलेली नियमावली वाचताना मन थक्क होते. आजाऱ्यास पाव, सार, मांस, थोडा द्राक्षारस द्यावा. मांस वर्ज्य असेल त्या दिवशी अंडी व लोणी द्यावे, इथपर्यंत तिच्यात तपशील आहे. पाळीच्या बाईने हसतमुखाने आजाऱ्याची विचारपूस करावी, त्याच्यापुढे स्वच्छ कापड अंथरावे, हात धुण्यास पाणी द्यावे, आशीर्वादाची प्रार्थना म्हणावी, मांसाचे तुकडे करून द्यावेत, जेवण जात नसेल तर प्रेमाने आग्रह करावा. पोटच्या मुलाचे करावे तसे हे सारे करावे. किंबहुना प्रत्यक्ष परमेश्वराचीच सेवा चालली आहे असे मानावे.

या नियमावलीतील एका सूचनेने मला स्वतःला खजील केले. ज्या आजाऱ्याजवळ घरचे कोणी आहे, त्याच्याकडे आधी जावे. ज्याला कोणीच नाही त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल! पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास निघे, तेव्हा माझा क्रम नेमका उलटा असे. एकाकी माणसांची घरे मी भराभर आटोपून घेत असे आणि भरल्या घरात चहा घेत निवांत बसत असे. आता मी तो क्रम बदलला आहे.

व्हिन्सेंट त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसला परतले. शातिलोंमध्ये त्यांचे वास्तव्य जेमतेम पाच महिन्यांचे. परंतु तेथे रुजलेले बीज फोफावत गेले. तशीच मंडळे अन्यत्र स्थापन झाली, आणि १६३३ साली संत लुईज द मारियाक यांच्या साथीने ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या भगिनीसंघाचा उदय झाला. पुढे दोनशे वर्षांनी, १८३३ मध्ये, फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे विद्यार्थीमित्र पॅरिसमधील गरिबांची घरे शोधू लागले, तेव्हा त्यांना वाट दाखविली ती याच संघाच्या सिस्टर रोझाली रान्द्यू यांनी. त्या तरुणांनी आपल्या मंडळासाठी संत व्हिन्सेंट यांचेच नाव स्वीकारले. आपल्या धर्मग्रामांतून गरिबांच्या घरी जाणारी ‘संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी’ ती हीच.

आपल्या गावांतही दयेला तोटा नाही. मर्तिकाच्या पहिल्या तीन दिवसांत ती ओसंडून वाहते. वाचकहो, माझी विनंती एवढीच, की चौथ्या दिवसापासून पुढचीही पाळी ठरावी. वाडीतील चार-पाच घरांनी एका वहीत वार लिहून घेतले, तरी पुरे. आणि आपला वार येईल तेव्हा डबा दारातच देऊन परतू नका; घटकाभर बसा. त्या वृद्धेच्या घरी आता आठवड्यातून तीन दिवस शेजारचा डबा येतो. उरलेल्या दिवशी ती स्वतः चूल पेटवते आणि कधी कधी शेजारच्या मुलांसाठीही दोन भाकऱ्या जास्त थापते.