नहरीचें पाणी आणि नळांतील ऊब

युरोपांतील थंड देशांत जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या सांगण्यांत एका गोष्टीचें नवल हटकून येतें. बाहेर बर्फ पडत असतें, आणि घरांत चूल नाहीं, शेगडी नाहीं, धूर नाहीं. भिंतीशीं बसविलेल्या एका लोखंडी पेटींतून ऊन पाणी खेळत असतें व तेवढ्यानें खोली उबदार राहते. हें पाणी त्या घरांत तापलेलें नसतें. कोस-दोन कोसांवरील एका कारखान्यांत तें तापतें, जमिनीखालच्या नळांनीं हजारों घरांतून फिरतें आणि निवून पुन्हां कारखान्याकडे परततें. हवेंत मिसळणारा कर्बवायु कमी करण्याचा एक भरवशाचा उपाय म्हणून आज मोठमोठीं शहरें या व्यवस्थेकडे पाहत आहेत. छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, वाचकास वाटेल कीं आमच्या उन्हाळ्याला या उबेचें काय होय? परंतु या विषयाचें मर्म चारशें वर्षांपूर्वीं याच शहरास ठाऊक होतें, असें आमचें मत आहे.

प्रथम परदेशाची हकीकत थोडक्यांत सांगूं. फ्रान्समधील शोद-एग या गांवीं चौदाव्या शतकांतच उष्ण झऱ्याचें पाणी घरोघर नेलें होतें. अमेरिकेंत बर्डसिल हॉली यानें 1877 मध्यें लॉकपोर्ट येथें वाफेचे नळ घातले. डेन्मार्कमध्यें फ्रेडरिक्सबर्ग येथें 1903 मध्यें शहराचा केरकचरा जाळून निघालेली उष्णता एका इस्पितळास व आसपासच्या इमारतींस पुरविण्यांत आली. 1973 च्या तेलाच्या टंचाईनें तो देश खडबडून जागा झाला. 1979 मध्यें त्यानें कायदा करून उष्णतेच्या पुरवठ्याची आखणी नगरपालिकांकडे सोंपविली. आज तेथील सुमारें दोन-तृतीयांश घरें अशा नळांवर उबतात. यांत खरें इंगित असें आहे कीं भट्टी एकच असते. तेथें काल कोळसा जळत होता, आज गवताचा पेंढा जळतो, उद्यां कदाचित् समुद्राच्या पाण्यांतील उष्णता ओढून घेणारें यंत्र बसेल; एका जागीं बदल होतो आणि हजारों घरें आपापली चूल न मोडतां सुधारतात.

आतां आपल्या शहराकडे येऊं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें 1610 च्या सुमारास खडकी येथें राजधानी वसविली. जागा डोंगरांच्या कुशींत, संरक्षणास उत्तम. पण वाहतें पाणी बेताचें. तेव्हां उत्तरेकडील डोंगरांच्या पोटांत मुरलेलें पाणी जमिनीखालच्या बांधीव भुयारांत झिरपूं द्यावें, आणि तें केवळ उताराच्या जोरावर शहरांत आणावें, अशी योजना त्यानें 1617 च्या सुमारास तडीस नेली. हीच नहर-ए-अंबरी. वाटेंत ठिकठिकाणीं उसासे ठेविले होते. त्यांतून हवा जाई आणि माणूस उतरून गाळ काढी. पुढें मोगल आमदानींत शहर वाढलें तशा थत्ते नहरीसारख्या आणखीहि नहरी निघाल्या, व मोहल्ल्यामोहल्ल्यांतले हौद त्यांवर भरूं लागले. शेजारच्या बऱ्हाणपुरांतहि त्याच दशकांत असेंच भूमिगत जलसाधन उभें राहिलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. या साऱ्यांत एक काडीहि इंधन जळलें नाहीं. नहरीवर पुष्कळ लेख निघतात व त्यांत मलिक अंबराच्या बुद्धीचें कौतुक असतें. तें योग्यच, मात्र ज्या गवंड्यांनीं आणि गाळ काढणाऱ्यांनीं ती वाहती ठेविली, त्यांचेंहि स्मरण ठेवावयास हवें.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की हा तर या कलेचा कळस होय. हरसूलकडून कित्येक कोस मातीच्या नळांतून आलेलें पाणी उंच भिंतीवर चढविलें आहे. उगम चक्कीहून उंच असल्यामुळें तें आपोआप चढतें. तेथून तें खालीं पडून पात्यांचें चाक फिरवी. चाकाचा आंस खालच्या दगडांतून वर येऊन वरचा दगड फिरवी, आणि यात्रेकरूंसाठीं पीठ निघे. पण पाण्याचें काम तेथेंच संपत नसे. तें समोरच्या विस्तीर्ण हौदांत सांठे, आणि त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या खांबांच्या मोठ्या दालनाचें छप्पर! बाहेर वैशाख तापला असतां माथ्यावर पाणी घेऊन बसलेलें तें दालन गार राहतें. एकाच पाण्याकडून दळण, सांठा आणि गारवा अशीं तीन कामें करून घेतलीं. आपल्याकडील कित्येक साखर कारखाने चिपाड जाळून केलेल्या वाफेकडून आधीं वीज आणि मग रस आटविण्याचें काम घेतात. डेन्मार्कमधील वीजघरें उरलेली उष्णता फेंकून न देतां नळांत सोडतात. हिशेब एकच आहे.

हा हिशेब आम्ही मात्र विसरलों. इमारतींचे पाये, रस्त्यांची खोदाई आणि सांडपाणी यांनीं नहरी ठिकठिकाणीं फोडल्या. शहराचें पाणी आज पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून येतें. तो शहरापेक्षां शंभर मीटरांहून अधिक सखल आहे. प्रत्येक घागर विजेच्या बळावर वर चढवावी लागते. एवढें करूनहि गेल्या कांहीं वर्षांत अनेक वस्त्यांनीं नळाची वाट कित्येक दिवस पाहिली. गारव्याची स्थिति याहून विचित्र. ज्याच्या हातीं पैसा आहे तो खिडकीशीं वातानुकूलन यंत्र बसवितो, आणि आपल्या खोलींतील उष्णता शेजाऱ्याच्या गल्लींत ओततो. ती वीजहि बहुतांशीं कोळशाची.

गुजराथेंत गांधीनगरजवळील गिफ्ट सिटींत एकाच केंद्रांतून थंड पाणी अनेक इमारतींस पुरविण्याची व्यवस्था 2015 पासून चालू आहे. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत तसें करणें अवघड व खर्चाचें जाईल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु इस्पितळें, महाविद्यालयें, कचेऱ्या जेथें एकमेकांलगत उभ्या राहत आहेत आणि रस्ते अजून खणले जात आहेत, तेथें एका सामाईक नळाला जागा ठेवावयाची कीं नाहीं, हें चर बुजविण्यापूर्वींच ठरवावें लागेल. आणि खणतांना कुदळीखालीं जुन्या नहरीचा मातीचा नळ लागलाच, तर तो नकाशावर नोंदवून मगच पुढें जावें.