जॅकला यंत्राची जोड

प्रवासात गाडी पंक्चर झाली, की डिकीतले सामान खाली उतरते, स्टेपनी बाहेर येते आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून जॅक फिरवण्याचे कष्टाचे काम सुरू होते. दांड्याच्या आड जमीन येत असल्याने पूर्ण फेरा बसत नाही. अर्धा फेरा द्यायचा, दांडा काढायचा, पुन्हा लावायचा. बॅटरीवर चालणारी ड्रिल मशिन आणि इम्पॅक्ट रेंच दुकानांत सहज मिळू लागल्यापासून या कामाला त्यांची जोड देण्याची कल्पना अनेकांना सुचते. कल्पना मुळात चुकीची नाही. मात्र यंत्र कुठे चालवावे आणि कुठे थांबवावे, हे जॅकच्या रचनेवरून ठरते.

बहुतेक मोटारींसोबत येणारा जॅक कात्रीसारखा असतो. चार भुजांचा चौकोन आणि त्यातून आडवा जाणारा लांब स्क्रू. स्क्रू फिरला की बाजूचे दोन सांधे जवळ येतात आणि डोके वर सरकते. आट्यांमधील घर्षणामुळे हात सोडला तरी गाडी खाली येत नाही. गंमत अशी, की या जॅकला सर्वांत जास्त जोर तो दबलेला असताना लागतो. गाडीच्या एका कोपऱ्याचा भार ४०० किलो धरला आणि भुजा जमिनीशी १५ अंशांत असल्या, तर स्क्रूवर सुमारे १,५०० किलोंचा ताण येतो. भुजा ४५ अंशांवर आल्या, की तोच ताण ४०० किलोंवर उतरतो. म्हणजे वर जाताना स्क्रू हलका होतो, पण प्रत्येक फेऱ्याला मिळणारी उंचीही कमी होत जाते. कंटाळा येतो तो याच टप्प्यात, आणि यंत्राचा मोहही इथेच होतो.

हाताने फिरवताना एक गोष्ट आपोआप होत असते. जॅक तिरका होऊ लागला, खालची माती दबली किंवा डोके पत्र्यावरून घसरू लागले, तर ते दांड्यातून हाताला कळते. यंत्राला ते कळत नाही. ते फिरतच राहते. म्हणून जॅकचे डोके गाडीला टेकेपर्यंतचा रिकामा प्रवास खुशाल यंत्राने करावा. तेथे थांबून डोके कंपनीने नेमून दिलेल्या जागीच बसले आहे ना, हे वाकून पाहावे आणि पुढे दांडा हातात घ्यावा. यंत्रच वापरायचे असेल, तर सर्वांत कमी वेगावर, थांबत थांबत, नजर जॅकवर ठेवून. शेवटपर्यंत वेगाने नेल्यास स्क्रू टोकाला आदळतो आणि आटे जातात.

यंत्रांतही फरक आहे. साधी ड्रिल अडली, की तिचा उलटा झटका थेट मनगटाला बसतो. इम्पॅक्ट रेंच छोट्या ठोक्यांनी फिरवते, त्यामुळे हाताला हिसका कमी बसतो. पण तेच ठोके जॅकच्या आट्यांवरही बसतात, आणि हा जॅक हाताने, कधीतरी वापरण्यासाठी बनवलेला असतो. स्क्रूच्या टोकाला षटकोनी डोके असेल तर सॉकेट घट्ट बसते. टोकाला नुसते कडे असेल, तर त्यात अडकवलेला आकडा वेगात भोवंडतो आणि बोटे फोडतो. अशा जॅकला यंत्र न लावलेलेच बरे. स्क्रूला वर्षातून एकदा ग्रीस लावले, तर हातानेही काम पुष्कळ सोपे होते, ही साधी गोष्ट मात्र कोणी करत नाही.

खरा वेळ खातात ते चाकाचे नट. ते चाक जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत; गाडी उचलल्यावर जोर लावल्यास ती जॅकवरून घसरू शकते. त्याआधी हँडब्रेक, गिअर, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला दगड आणि मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण, हे सर्व व्हायला हवे. प्रवाशांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. उतारावर किंवा भुसभुशीत मातीत जॅक लावूच नये, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली हातपाय घालू नयेत. राष्ट्रीय महामार्गावर जागा धोक्याची वाटली, तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

नट सोडवायला इम्पॅक्ट रेंच उत्तम. कसायला मात्र नाही. अनेक मोटारींच्या नटांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. रेंच सहज त्याच्या पुढे जाते आणि मग बोल्ट ताणला जातो. नट बोटांनी बसवावेत, गाडी खाली घ्यावी आणि समोरासमोरच्या क्रमाने पान्याने कसावेत. ५०-१०० किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत.

राहता राहिली बॅटरी. उन्हात तापणाऱ्या डिकीत ती महिनोन्‌महिने पडून राहिली तर लवकर निकामी होते. ती घरी ठेवावी, प्रवासाला निघताना चार्ज करून घ्यावी. आणि जॅकचा दांडा गाडीतून कधीच बाहेर काढू नये.