विहिरीवरचे तास

अमेरिकी ट्रकचालकांच्या कामाचे तास नोंदवणारं ॲप आम्ही पुण्यात बसून लिहीत होतो. त्यात एक चेकबॉक्स होता : ‘ऑइलफील्ड’.

एरवी नियम सरळ आहे. कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची. आठ दिवसांत ७० तास काम झालं की थांबायचं. तो हिशेब शून्यावर आणायला सलग ३४ तास सुट्टी. टिक केली की मात्र २४ तास पुरतात. शिवाय काही खास गाड्यांच्या चालकांचा विहिरीवर ताटकळण्यात गेलेला वेळ कामात धरलाच जात नाही. मला तो बग वाटला. टेस्टरशी भांडलोसुद्धा.

बग नव्हता. ती १९६२ सालची सवलत होती. तेलविहिरींसाठी बनवलेल्या अवजड गाड्या, त्यावर खास शिकवलेली माणसं. विहिरीवर नंबर येईपर्यंत ती बसून असतात, म्हणजे आराम करतात, असं गृहीत धरलं गेलं. (रात्री केबिनमध्ये ‘आराम’ कसा होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा.)

मग फ्रॅकिंग आलं. यात एकेका विहिरीत प्रचंड पाणी आणि वाळू दाबाने सोडतात, आणि हे सगळं बहुतांशी ट्रकने येतं. एका विहिरीमागे साधारण २,००० फेऱ्या, असा अंदाज सांगतात. नॉर्थ डकोटातले रस्ते गव्हाच्या शेतकऱ्यांचे, दुपदरी. २०१२ मध्ये या राज्याने तेलात अलास्काला मागे टाकलं. त्याच वर्षी तिथे रस्त्यांवर १७० माणसं मेली. २००८ मध्ये १०४ मेली होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सात लाख होती. सगळेच ट्रकखाली गेले नाहीत. दारू होती, न लावलेले पट्टेही होते. पण राज्यात इतकी माणसं आणि गाड्या लोटल्या त्या तेलामुळेच.

२०१२ मध्येच केंद्राने स्पष्ट केलं की पाणी-वाळूच्या साध्या ट्रकांना ताटकळण्याची सवलत नाही. २४ तासांची राहिली. पुढे गर्दी टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या पर्मियन खोऱ्यात गेली. तिथल्या २८५ क्रमांकाच्या महामार्गाला लोक ‘डेथ हायवे’ म्हणू लागले.

डिसेंबर २०१७ पासून कागदी वह्या जाऊन इलेक्ट्रॉनिक नोंदी आल्या. आमच्या ॲपमध्ये ताटकळणं आणि झोप, दोन्ही एकाच हिरव्या रंगात दिसत. निदान रंग तरी वेगळा करू, असं मी सुचवलं.

क्लायंटचं उत्तर आलं : पुढच्या रिलीजला बघू.