फेटाळलेला उमेदवारी अर्ज

मद्रास राज्याच्या सेलम जिल्ह्यातील नमक्कल येथे २८ नोव्हेंबर १९५१ रोजी विधानसभेच्या उमेदवारी अर्जांची छाननी झाली, आणि एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. स्वतंत्र भारताची ती पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. नवी राज्यघटना अमलात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि तिने उच्च न्यायालयांना दिलेल्या विस्तृत अधिकारांची सर्वत्र वाखाणणी चालली होती. पोन्नुस्वामींनी त्याच अधिकारांचा आधार घेतला. हुकूम रद्द करावा आणि आपले नाव उमेदवारांच्या यादीत घालावे, अशी मागणी त्यांनी मद्रासच्या उच्च न्यायालयात केली.

मागणी वावगी म्हणता येणार नाही. मतदान व्हायचे आहे, चूक झाली असेल तर ती आताच सुधारावी, हा व्यवहारी मनुष्याचा विचार. पण घटनेचे ३२९ वे कलम आडवे आले. कायद्याने ठरवून दिलेल्या निवडणूक-अर्जावाचून कोणत्याही निवडणुकीस आव्हान देता येणार नाही, असे ते कलम सांगते. उच्च न्यायालयाने आपला नाइलाज सांगितला. प्रकरण दिल्लीस गेले, आणि २१ जानेवारी १९५२ रोजी, देशात मतदान चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बाहेर पडला.

न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या त्या निर्णयाचे मर्म 'निवडणूक' या एका शब्दाच्या अर्थात आहे. निवडणूक म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे; अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया तिच्यात येते. म्हणून अर्ज फेटाळणे हाही निवडणुकीचाच भाग, आणि त्याबद्दलची तक्रार निवडणूक आटोपल्यावरच करावयाची. उमेदवारीचा हक्क हा जन्मसिद्ध नसून कायद्याने निर्माण केलेला आहे. तेव्हा कायद्याने दाखविलेल्या वाटेनेच त्याची दाद मागितली पाहिजे. तसे नसते, तर अर्जाअर्जागणिक न्यायालयाची मनाई येऊन मतदान खोळंबले असते. सतरा कोटींहून अधिक मतदारांच्या देशात ही भीती काल्पनिक नव्हती.

निवडणुकीचे तंटे न्यायासनापुढे नेण्याची रीत इंग्लंडातही उशिराच आली. तेथे हे तंटे पार्लमेंटच मिटवीत असे, आणि बहुमत ज्याच्या पाठीशी त्याची बाजू खरी ठरे. १८६८ च्या कायद्याने ते न्यायाधीशांकडे सोपविले गेले. भारतीय घटनाकारांनी न्यायनिवाडा मान्य केला, मात्र त्याची वेळ पुढे ढकलली.

या पुढे ढकलण्याची किंमत काय पडते, ते त्याच नोव्हेंबरात भंडाऱ्याच्या छाननीने दाखविले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते, आणि तेथील लोकसभा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाचा स्वीकार केला होता. जातिभेद न मानणाऱ्या पंथात गेलेला मनुष्य महार कसा राहील, अशी हरकत निघाली आणि त्यांचा अर्ज फेटाळला गेला. सर्वसाधारण जागेचे उमेदवार चतुर्भुज विठ्ठलदास जसानी हे ज्या विडी-व्यवसायातील पेढीचे भागीदार होते, तिने सैनिकांच्या उपाहारगृहांसाठी विड्या पुरविण्याचा करार केंद्र सरकारशी केला होता. असा करार असणारा इसम उमेदवारीस अपात्र, असे कायदा सांगत होता. तरी त्यांचा अर्ज मंजूर झाला, आणि ते निवडून आले.

पुढे निवडणूक-अर्ज झाला. मोरेश्वर परशराम यांचे नाव या खटल्याला कायमचे जोडले गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ९ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिला. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात उभारलेल्या पंथाची चिकित्सा दिल्लीच्या न्यायासनापुढे व्हावी, हा योग दुर्मीळच! पंथांतर केल्यावर जात राहते की जाते? यासाठी न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या : जुन्या समाजाची वागणूक, त्या व्यक्तीचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम. ठवऱ्यांना त्यांच्या जातीने दूर लोटले नव्हते. ते स्वतःला महारच म्हणवीत होते. सारांश, ते महारच राहिले होते आणि त्यांचा अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला गेला होता. इकडे जसानी अपात्र ठरले. भंडाऱ्याची सारी निवडणूक रद्द झाली. एकाच छाननीत नको तो अर्ज आत आला होता आणि हवा तो बाहेर राहिला होता, हे ठरण्यास सव्वादोन वर्षे लागली. आणि त्यांतील बराच काळ त्या निवडणुकीचे सदस्य लोकसभेत बसत होते.

या दोन चुकांचे वजन सारखे नाही. अपात्र उमेदवार उभा राहिला, तर त्याला पडलेली मते निदान मोजता तरी येतात. ज्याला उभेच राहू दिले नाही, त्याला किती मते पडली असती हे कोण सांगणार? मूळच्या कायद्यात मात्र दोन्ही प्रसंगी निकालावर परिणाम झाल्याचे दिसणे आवश्यक होते. १९५६ च्या दुरुस्तीने हे गैरवाजवी ओझे दूर केले : अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला एवढे सिद्ध झाले, की निवडणूक रद्द. १९६६ मध्ये हे तंटे खास न्यायाधिकरणांकडून काढून उच्च न्यायालयांकडे देण्यात आले. अर्ज पंचेचाळीस दिवसांत करावा, आणि तो उमेदवारच नव्हे तर साधा मतदारही करू शकतो, अशी तरतूद आहे. त्याचा निकाल सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो. प्रयत्न हा शब्द कायद्याने जपून वापरला आहे.

भंडाऱ्यात मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेसाठी उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निवडणूक-अर्जाची ही तरतूद ज्या घटनेत आहे, तिच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष. आणि त्याच तरतुदीमुळे मोकळ्या झालेल्या जागेसाठी ते मतदारांपुढे गेले होते. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. भंडाऱ्यातही काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे निधन झाले. लोकसभेत निवडून जाण्याचा योग त्यांना आला नाही.